जाहीरनामा पळवायचाय म्हणे!

अहो, ऐकलंत का? अमेरिकेत चांगल्या घरातली, चांगल्या कॉलेजांतली पोरं चोरीचे बेत आखतायत. चोरी कसली म्हणाल, तर सोन्याची नाही, मोटारीची नाही. वॉशिंग्टनला नॅशनल आर्काइव्हज म्हणून भल्यामोठ्या खांबांचा सरकारी दप्तरखाना आहे, तिथला स्वातंत्र्याचा जाहीरनामा! १७७६ चा! ज्याच्या नावानं अख्खा देश ४ जुलैला फटाके उडवतो, तोच. आणि ही पोरं पिझ्झा खात खात, बिनदिक्कत, चढ्या आवाजात वाद घालतात की तो पुढच्या दारानं न्यावा की तळघरातून. घरात वडीलधारी माणसं नसतात का? असतात. त्यांनी दोन शब्द सुनवायला नकोत? सुनवतात. म्हणतात, "तळघरातून. पुढच्या दाराला मेटल डिटेक्टर आहे."

मी कानोकानी आलेलं सांगत नाही. माझा भाचा व्हर्जिनियात असतो. त्या बाजूच्या मराठी घरांत पुण्या-नाशकाहून पाहुणे आले की त्यांची ठरलेली यात्रा निघते: व्हाइट हाउस कुंपणाबाहेरून, लिंकन पायऱ्या चढून, विमानांचं संग्रहालय पाय मोडेपर्यंत, आणि मग आर्काइव्हज, कारण तिथे तिकीट नाही. तर आम्ही निघालो होतो आणि मागच्या सीटवरून भाच्याचा धाकटा मला समजावत होता, "मावशीआजी, काच फोडायचा नादच करायचा नाही. ती गोळीनंही फुटत नाही. डॉक्युमेंटला आजारी पाडायचं." मी म्हटलं, आजारी? तर म्हणे, "हो. ताप आणायचा." त्याची आई गाडी चालवत होती. मला वाटलं, आता ही त्याला दटावणार. तिनं आरशातून एकदा बघितलं आणि म्हणाली, "लेझरनं, हं. मावशींना नीट सांग."

घ्या! संस्कार म्हणतात ते हे.

या सगळ्याचं मूळ २००४ सालच्या 'नॅशनल ट्रेझर' नावाच्या सिनेमात आहे. डिस्नेचा बरं का! बदकं आणि उंदीर दाखवून मुलांना झोपवणारी सोज्वळ कंपनी. दिग्दर्शक जॉन टर्टलटॉब, नायक निकोलस केज. नायकाच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या गुप्तधनाचं वेड. त्याला सुगावा लागतो की जाहीरनाम्याच्या मागच्या बाजूला अदृश्य शाईनं खजिन्याचा नकाशा काढलेला आहे, आणि दुसराच एक बदमाश तो लांबवायला टपलाय. बिचारा सरकारी खात्यांचे उंबरे झिजवतो, कोणी दाद देत नाही. मग काय, चोरापासून वाचवायचा म्हणून आपणच चोरायचा! आपल्याकडे कुंपणानं शेत खाल्लं की निदान कुंपणाची छीथू होते. इथे कुंपण वर तोंड करून सांगतं की बकरी येणारच होती, म्हणून मी आधी खाऊन घेतलं; आणि अख्खं थिएटर टाळ्या पिटतं.

आता ताप कसा आणायचा ते ऐका. जाहीरनाम्याच्या पेटीत तापमानावर नजर ठेवणारं यंत्र. त्याच्यावर लांबून लेझरचा झोत मारायचा. यंत्राला वाटतं, ऐवज तापला. लगेच रखवालदार आपल्या हातानं त्याला उचलून दवाखान्यात, म्हणजे दुरुस्तीच्या खोलीत नेतात. तिथे पहारा पातळ. त्याच रात्री इमारतीत बड्या लोकांची मेजवानी. तिथल्या अधिकारी बाईंच्या बोटाचा ठसा युक्तीनं मिळवायचा, पासवर्ड डोक्यानं ओळखायचा, की दार उघडलं. आणि यावर कळस म्हणजे निसटताना भेटवस्तूंच्या दुकानातली बाई त्याला हटकते. तिला वाटतं, हा दुकानातली नक्कल पैसे न देता घेऊन चाललाय! खऱ्या जाहीरनाम्याचे ३५ डॉलर वसूल करून ती त्याला जाऊ देते. या एका बाईसाठी मी तो सिनेमा सहन केला. अख्ख्या इमारतीत आपलं काम चोख करणारी तेवढी एकटीच.

वीस वर्षं उलटून गेली, पण भूत उतरलेलं नाही. जाहीरनामा चोरणार म्हणून केजसाहेबांनी जे गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, ते टी-शर्टावर छापतात, कॉफीच्या कपावर छापतात. आर्काइव्हजमध्ये नोकरी करणाऱ्यांना अजूनही लोक विचारतात, मागे नकाशा आहे ना हो? आणि मजा अशी, की मागे खरोखरच काहीतरी लिहिलंय! खालच्या कडेला, उलट्या बाजूनं, एक ओळ: स्वातंत्र्याचा मूळ जाहीरनामा, तारीख ४ जुलै १७७६. संपलं. चर्मपत्र गुंडाळून ठेवायचे तेव्हा बाहेरून ओळखू यावं म्हणून कोणीतरी केलेली नोंद असणार. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या रहस्यमय पाठीवर काय आहे, तर कारकुनी.

बरं, त्यात आता २०२६, जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं. आणि मध्येच २०२५ च्या ऑक्टोबरात पॅरिसला काय झालं, तेही ऐकलं असेलच. रविवारची सकाळ, लुव्र संग्रहालय लोकांसाठी उघडं, आणि चोर आले ते फर्निचर चढवायची शिडी लावलेला ट्रक घेऊन! पिवळी जाकिटं घालून, कामगारांसारखे. पहिल्या मजल्याची खिडकी कापली, राण्यांचे दागिने उचलले, काही मिनिटांत खाली, स्कूटरवर बसून पसार. तेव्हापासून आमच्या भाच्याकडच्या जेवणाच्या टेबलावर लेझरचं नाव कोणी घेत नाही. आता म्हणे शिडी. त्यात वर्तमानपत्रांनी आणखी एक खमंग बातमी बाहेर काढली: २०१४ च्या तपासणीत लुव्रच्या कॅमेऱ्यांच्या सर्व्हरचा पासवर्ड 'लुव्र' असाच निघाला होता. सिनेमात नायकाला पासवर्ड ओळखायला निदान इतिहास आठवावा लागला होता हो! वॉशिंग्टनच्या सैन्यानं हिवाळा काढला ते 'व्हॅली फोर्ज'. इथे तर दारावरची पाटी वाचली की झालं.

पण मी प्रत्यक्ष जाऊन आले ना, म्हणून सांगते. लेझरही विसरा आणि शिडीही. रोटुंडा नावाचं अर्धगोल दालन आहे. वर भिंतीवर बॅरी फॉकनरची दोन अवाढव्य चित्रं, खाली संगमरवर, आणि उजेड इतका मंद की माझा चष्मा बदलायला झालाय की काय असं वाटलं. २०१० पासून फोटोही काढू देत नाहीत. रखवालदार हळू आवाजात पुढे चला, पुढे चला करत असतात. जाहीरनाम्याची पेटी म्हणजे टायटॅनियमची चौकट, वर जाड काच, आत हवा नाहीच, आर्गॉन वायू. पूर्वी १९५१ पासून हेलियम भरलेल्या पेट्या होत्या. त्यांच्या काचेवर सूक्ष्म थेंब आणि खराबीच्या खुणा दिसू लागल्या, म्हणून २००१ मध्ये दालन बंद करून सगळं नव्यानं केलं आणि सप्टेंबर २००३ मध्ये उघडलं. आर्गॉन का, तर त्याचे अणू हेलियमपेक्षा मोठे, ते फटीतून सहज निसटत नाहीत. बघा, तिथून वायूलासुद्धा पळू देत नाहीत, आणि ही पोरं जाहीरनामा न्यायच्या गोष्टी करतात!

रात्रीचं तर विचारूच नका. १९५२ मध्ये मॉस्लर कंपनीनं तिथे जमिनीखाली पन्नासहून जास्त टन वजनाची तिजोरी बसवली. संध्याकाळी बटण दाबलं की सगळे ऐवज कात्रीसारख्या उघडमिट करणाऱ्या यंत्रावरून सुमारे वीस फूट खाली तिजोरीत जायचे आणि वरची जाड झाकणं बंद व्हायची. ही मॉस्लर कंपनी म्हणजे काय आसामी होती, तर हिरोशिमात बाँब पडला त्यात तेइकोकू बँकेतल्या तिच्या तिजोऱ्या शाबूत राहिल्या, याची तिनं पुढे जाहिरात केली. जाहिरातीला विषय काय निवडावा याला काही सुमार! पण तो काळच तसा. रशियाचा बाँब पडला, राजधानी बेचिराख झाली, तरी जाहीरनामा वीस फूट खाली ठणठणीत असायला हवा. तो वाचायला कोण उरणार, हा प्रश्न वेगळ्या खात्याचा. नव्या पेट्या आल्यावर ती जुनी तिजोरीही गेली. आत्ताची व्यवस्था नेमकी कशी चालते ते कोणी सांगत नाही, आणि तेच बरं. आमच्या भाचेसुनेच्या हाती आयतं कोलीत नको.

आता चोरीच करायची तर ही मंडळी मुहूर्त चुकली, असं माझं स्पष्ट मत आहे. या जाहीरनाम्याचा आजवर जो प्रवास झालाय, त्यात भुरट्या चोरालाही हात मारता आला असता.

१८१४ चा ऑगस्ट घ्या. इंग्रज फौज वॉशिंग्टनवर चालून येतेय. परराष्ट्र खात्यात स्टीफन प्लेझंटन नावाचा कारकून. निरोप आला, दप्तर हलवा. त्यानं जाडंभरडं कापड आणलं, पिशव्या शिवून घेतल्या आणि राष्ट्राचे मूळ कागद त्यांत कोंबायला लागला. तेवढ्यात आपल्या खोलीकडे जाता जाता युद्धमंत्री आर्मस्ट्राँग थांबले आणि म्हणाले, कशाला उगाच घाबरवताय, इंग्रज काही इकडे येत नाहीत. मंत्र्यांना सगळं आधी कळतं, हा समज तेव्हाही होता. कारकुनानं ऐकून घेतलं आणि पिशव्या भरत राहिला. गाड्यांत घालून त्या नदीपलीकडे व्हर्जिनियातल्या एका ओसाड पिठाच्या गिरणीत ठेवल्या. मग त्याला धास्ती पडली, समोरच्या काठावर तोफांचा कारखाना आहे, इंग्रज तो शोधत येतील. पुन्हा गाड्या जुंपल्या आणि लीसबर्ग गावातल्या एका रिकाम्या घरात सगळं नेऊन टाकलं. कुलूप लावलं, किल्ली गावातल्या पाद्रीबुवांकडे दिली. त्या रात्री दमून झोपला, आणि इकडे वॉशिंग्टन पेटलं. सांगा आता! ना लेझर, ना टायटॅनियम. एक पाद्री आणि एक किल्ली. आणि आमचे चोर १९० वर्षं उशिरा सिनेमा काढतात.

१९२१ मध्ये जाहीरनामा परराष्ट्र खात्यातून काँग्रेसच्या ग्रंथालयात आणायचा होता. ग्रंथपाल हर्बर्ट पटनम स्वतः गेले. कशातून? ग्रंथालयाच्या टपालाच्या फोर्ड गाडीतून! धक्का बसू नये म्हणून खाली टपालाच्या चामड्याच्या पिशव्या अंथरल्या. कामाचा माणूस. बोभाटा नाही, फलक नाही. रस्त्यातल्या एखाद्या पोरानं मागचं फळकूट उचललं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही; माझं ब्लडप्रेशर आधीच वर आहे.

मग पर्ल हार्बर झालं आणि अमेरिकनांचे डोळे उघडले. डिसेंबर १९४१ च्या शेवटी जाहीरनामा बंदूकधारी पहाऱ्यात आगगाडीनं केंटकीला, फोर्ट नॉक्सला गेला, जिथे सरकारी सोनं असतं. १९४४ मध्ये परत आला. आणि १३ डिसेंबर १९५२ ला ग्रंथालयातून आर्काइव्हजमध्ये न्यायचा, जेमतेम मैलभर अंतर, तर काय तो थाट! गाद्यांवर ठेवलेल्या लाकडी पेट्या, सैनिकांची चिलखती गाडी, दोन रणगाडे, मशीनगनवाले, लष्करी बँड, दुतर्फा जवान. एकतीस वर्षांपूर्वी टपालगाडीतून गेलेला ऐवज तो हाच, त्यात एक अक्षरही नवं लिहिलेलं नव्हतं. उलट काही अक्षरं कमीच झाली होती. त्याची कथा पुढे येतेय, ती जास्त भानगडीची आहे.

त्याआधी खऱ्या चोरांबद्दल बोलू. कारण या कडेकोट कागदांवर हात टाकणारे लोक होऊन गेलेत, आणि त्यांच्यात केजसाहेबांसारखं देखणं कोणी नाही.

इंग्लंडमध्ये सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये मॅग्ना कार्टा आहे, १२१५ च्या उरलेल्या चार प्रतींपैकी सर्वांत सुस्थितीतली. २५ ऑक्टोबर २०१८ ला एक गृहस्थ तिथे गेले. आधी आगीची घंटा वाजवली, लोक बाहेर पडावेत म्हणून. मग खिशातून काय काढलं? हातोडा! आठशे वर्षांचा ऐवज, राजाच्या सत्तेला पहिल्यांदा वेसण घालणारा, आणि हा माणूस चौकटीवर ठाण ठाण घाव घालतोय. काचेला भोकं पडली, पण मॅग्ना कार्टा काही मोकळी झाली नाही. शेवटी पळाला, कॅथीड्रलची माणसं मागे धावली, पकडला. नंतर त्यानं सांगितलं की तो कागद खरा आहे असं मला वाटतच नव्हतं. २०२० मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. मला यातलं काय खटकलं सांगू? खोटा वाटला तर हातोडा कशाला आणायचा? घरी बसून शिव्या द्यायच्या ना, आपण सगळे देतो तशा.

स्पेनमधली गोष्ट तर याहून रंगतदार. सांतियागो दे कोंपोस्तेला इथे 'कोडेक्स कॅलिक्स्टिनस' नावाचं बाराव्या शतकातलं हस्तलिखित. २०११ च्या जुलैत तिजोरीतून गायब. तिजोरी फोडली? छे! किल्ली तिजोरीलाच लटकत होती. वर्षभर अख्ख्या युरोपात शोध. कोणी म्हणे आंतरराष्ट्रीय टोळी, कोणी म्हणे कोणा धनाढ्य संग्राहकाची सुपारी. सापडलं कुठे, तर तिथे पंचवीस वर्षं काम केलेल्या आणि नंतर कामावरून काढलेल्या इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत. घरात रोख रकमेचा ढीग निघाला, दहा लाख युरोंच्या वर. देवाच्या दारी येणारा पैसा त्यानं वर्षानुवर्षं हळूहळू घरी वळवला होता. १९११ मध्ये 'मोनालिसा' नेली तो पेरुजियाही लुव्रच्या काचकामावर राबलेलाच माणूस होता. माझ्या भाच्याच्या धाकट्याला मी म्हटलं, बाळा, चोर व्हायचं असेल तर दोरावर लटकायला शिकू नकोस, आधी त्या इमारतीत वायरमन म्हणून लाग. त्याची आई हे ऐकून मात्र रागावली. लेझर चालतं, वायरमन चालत नाही.

आणि खुद्द वॉशिंग्टनच्या त्या इमारतीत काय घडलंय, ते तर कोणत्याच सिनेमात नाही. सँडी बर्गर हे क्लिंटनसाहेबांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. सुरक्षा सल्लागार, ऐका नीट! २००३ मध्ये ते आर्काइव्हजमध्ये जुनी गोपनीय कागदपत्रं चाळायला आले आणि काही कागद कपड्यांत दडवून चालते झाले. मोज्यांत कोंबले अशीही बोलवा उठली. बाहेर पडल्यावर त्यांतले काही जवळच्या बांधकामाच्या ट्रेलरखाली लपवून ठेवले. २००५ मध्ये गुन्हा कबूल, ५० हजार डॉलर दंड. वर खांबांच्या दालनात टायटॅनियम आणि आर्गॉन, नुकतं नवंकोरं केलेलं. आणि त्याच छपराखाली देशाच्या सुरक्षेचा माजी कर्ताधर्ता कपडे फुगवून जिना उतरतोय! एक वर्षानं सिनेमा आला तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी कोणत्या चेहऱ्यानं पाहिला असेल? नंतर बॅरी लँडाउ नावाचे राष्ट्राध्यक्षांचे अभ्यासक पकडले गेले. त्यांनी तर दप्तरखान्यांत जायला आत खोल चोरखिसे शिवलेले कोटच तयार ठेवले होते. शिंप्याला काय कारण सांगितलं असेल हो?

आपण नाक वर करून हसायला नको. त्याच २००४ च्या मार्चमध्ये शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक गेलं आणि सीबीआयच्या तपासानंतरही परत आलं नाही. आपल्या राज्यघटनेची मूळ हस्ताक्षरातली प्रत, प्रेमबिहारी नारायण रायजादांच्या सुरेख अक्षरातली, संसदेच्या ग्रंथालयात अशाच वायूबंद पेटीत आहे. तिच्या मागेही नकाशा आहे असं एखाद्या हिंदी सिनेमावाल्याच्या डोक्यात येऊ नये, एवढीच प्रार्थना.

तर आता ती भानगड. मघाशी म्हटलं ना, अक्षरं कमी झाली? रोटुंडात रांगेत उभं राहून मी एकदाची त्या पेटीपाशी पोचले. दोन हात टेकून वाकले. समोर पिवळट, ढगाळ चामडं. मथळा ओळखू येतो, बाकी ओळींच्या जागी राखाडी सावल्या. जॉन हँकॉकची ती ऐसपैस सही, जिच्यावरून अमेरिकेत सहीलाच हँकॉक म्हणतात, तीही निरखून बघावी तेव्हा सापडते. छप्पन्न माणसांनी जिवावर उदार होऊन केलेल्या सह्या, आणि वाचायला जवळजवळ काही नाही! शेजारची अमेरिकेची राज्यघटना बघा, तिची शाई कशी काळीभोर. मग याच्यावरच दरोडा कोणी घातला?

घरच्यांनी. पहिली कित्येक वर्षं काँग्रेस गावोगाव फिरली, तिच्याबरोबर हाही गुंडाळायचा, उलगडायचा, पुन्हा गुंडाळायचा. मग १८४१ मध्ये कोणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, लोकांना दिसला पाहिजे. पेटंट ऑफिसच्या इमारतीत भिंतीवर टांगला. खिडकीसमोर! पस्तीस वर्षं! दिवाणखान्याचा पडदा एका उन्हाळ्यात विटतो हे आपल्याकडे नव्या सुनेलाही माहीत असतं; तिथे मंत्री, वकील, शास्त्रज्ञ रोज समोरून जात होते. मोठ्या देशप्रेमानं बघत होते. १८७६ मध्ये शताब्दीच्या प्रदर्शनाला फिलाडेल्फियाला नेला, तोवर लोक बोलायला लागले होते की काहीच दिसत नाही. १८९४ मध्ये शेवटी पोलादी कपाटात अंधारात ठेवला. तोवर चोर माल घेऊन केव्हाच फरार. आणि सूर्याला समन्स कोण बजावणार?

एवढ्यावर भागलं नाही. फोर्ट नॉक्सला होता तेव्हा १९४२ मध्ये तज्ज्ञांनी पाहिलं तर वरचा उजवा कोपरा सुटा झालेला. तो तिथेच नीट बसवला. आणि डावीकडे खाली, चामड्यावर, चक्क एका माणसाच्या हाताचा पंजा उमटलेला आहे. अख्खा पंजा. कोणाचा? पत्ता नाही! १९८७ मध्ये तीस लाख डॉलरची छायाचित्रण यंत्रणा बसवली, अवकाशयानांचे कॅमेरे बनवणाऱ्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीकडून, चामड्यात केसभर फरक पडला तरी कळावा म्हणून. आणि त्या कॅमेऱ्यासमोर काय, तर कोणा आगंतुकाचा पंजा. सिनेमात नायिकेच्या बोटाचा एक ठसा मिळवायला केवढी खटपट केली होती. इथे अख्खा हात मांडून ठेवलाय, घ्या म्हणावं.

तेव्हा आपण जो जाहीरनामा ओळखतो, टपोऱ्या अक्षरांचा, तो मूळ नव्हेच. जॉन क्विन्सी ॲडम्सना १८२० मध्येच मूळ प्रतीची काळजी वाटली. त्यांनी विल्यम स्टोन नावाच्या कोरक्याकडून ताम्रपटावर हुबेहूब नक्कल करवून घेतली, १८२३ मध्ये चर्मपत्रावर २०० प्रती छापल्या. शाळेच्या पुस्तकात, दुकानातल्या ३५ डॉलरच्या गुंडाळीत, सगळीकडे त्याच घराण्यातली अपत्यं. पोरं ज्याच्यासाठी तळघर की पुढचं दार करत बसली आहेत, तो पळवून बाहेर आणला तरी दाखवायचा कोणाला? विकायचा कोणाला? सरकारी मालमत्तेच्या चोरीला दहा वर्षांपर्यंत तुरुंग, आणि घरी आणून दिव्यात धरला तर आणखी विटणार. २०२४ च्या फेब्रुवारीत दोन पर्यावरणवाल्यांनी तिथल्याच राज्यघटनेच्या पेटीवर लाल पूड ओतली, तेही तुरुंगात गेले. पेटीच्या आत कणही शिरला नाही.

पण पैसेच हवे असतील तर त्याला चोरी कशाला लागते, हे मात्र मला तिथे गेल्यावर कळलं, आणि यापुढचं जरा हळू आवाजात. ४ जुलै १७७६ च्या रात्री फिलाडेल्फियात जॉन डनलॅपच्या छापखान्यात जाहीरनाम्याच्या सुमारे दोनशे प्रती घाईघाईत छापल्या होत्या. आता ठाऊक असलेल्या सव्वीस. त्यांतली एक कुठे निघाली माहिताय? १९८९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या बाजारात एकानं ४ डॉलरला एक चित्र घेतलं. चित्र आवडलं नाही, चौकट आवडली. चौकट उघडायला गेला तर ती हातात तुटली आणि चित्रामागून घडी केलेला कागद पडला. १९९१ मध्ये तो लिलावात २४ लाख २० हजार डॉलरला गेला. २००० मध्ये पुन्हा, ८१ लाखांच्या वर. बरं, हा अपवाद म्हणावा, तर २००६ मध्ये नॅशव्हिलच्या एका जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानात एकानं अडीच डॉलरला, हो, २ डॉलर ४८ सेंटला, पिवळी गुंडाळी घेतली. ती निघाली स्टोनच्या त्या मूळ नकलांपैकी. पुढच्या वर्षी चार लाख सत्याहत्तर हजार डॉलर.

हे मी जेवताना सांगितलं आणि चूक झाली. भाचेसुनेनं चोरीचा विषय त्याच दिवशी बंद केला. हल्ली दर शनिवारी सकाळी ती गॅरेज सेल गाठते. लोकांच्या अंगणात मांडलेली चित्रं उचलते, चित्राकडे ढुंकूनही न बघता उलटी करते आणि चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर नखानं टकटक करून ऐकते. घरात आत्तापर्यंत तळ्यातले बगळे, फुलदाण्या आणि एक भयाण कोल्हा जमा झालाय. भाचा म्हणतो, मावशी, त्यापेक्षा चोरी स्वस्त पडली असती.